एकच दिवा, तीन कोड: आयात शुल्क नेमकं कशावरून ठरतं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय का हे तुम्हालाच तपासता येईल. तुम्ही परदेशातून टेबलावर ठेवायचा दिवा मागवताय. दिव्याच्या खांबात ब्लूटूथ स्पीकर आहे आणि खालच्या चकतीवर फोन ठेवला की तो वायरशिवाय चार्ज होतो. विक्रेत्याने कोड दिला ९४०५, माल आणणारा एजंट म्हणतो ८५१८, आणि इंटरनेटवरच्या एका कॅल्क्युलेटरने दाखवला ८५०४. तिन्हींचे दर वेगळे. त्यात नमुन्याचे वीस नग आले तेव्हा दर दहा टक्के सांगूनही भरावी लागलेली रक्कम मालाच्या किमतीच्या पस्तीस टक्क्यांच्या घरात गेली. आता पाचशे नगांची ऑर्डर द्यायच्या आधी तुम्हाला खरा दर हवाय.

पंचवीस वर्षं मी परदेशातून आलेला माल सोडवण्याचं काम करतोय. ‘दर किती?’ हे सगळे पहिल्यांदा विचारतात, आणि त्याचं उत्तर मिळतं सगळ्यात शेवटी. त्याआधी तीन गोष्टी ठरवाव्या लागतात: वस्तू आहे तरी काय, ती घडली कुठे, आणि तिचं मूल्य कसं धरायचं. तुम्ही कोणत्या देशात आयात करताय हे लिहिलेलं नाही, त्यामुळे आकडा मी सांगू शकत नाही. पण वर्गीकरणाची रीत जवळपास जगभर एकच आहे, आणि तुमचं घोडं तिथेच अडलंय.

ही रीत म्हणजे हार्मोनाइज्ड सिस्टिम, आपल्या बोलण्यातला एचएस कोड. ब्रुसेल्समधली जागतिक सीमाशुल्क संघटना ती सांभाळते. करार १९८३ मध्ये झाला आणि १ जानेवारी १९८८ पासून तो लागू आहे. आज दोनशेहून जास्त देश आणि प्रदेश ती वापरतात. तिच्यात २१ विभाग आणि ९७ प्रकरणं आहेत. त्यातलं ७७वं प्रकरण पुढे कधी लागलं तर म्हणून मोकळंच ठेवलंय. सुरुवात होते जिवंत जनावरांपासून आणि शेवट होतो कलाकृती आणि पुराणवस्तूंपाशी. कोडचे पहिले दोन अंक प्रकरण सांगतात, पुढचे दोन शीर्षक, त्यापुढचे दोन उपशीर्षक. हे सहा अंक सगळीकडे सारखे. सातव्या अंकापासून प्रत्येक देशाचा स्वतःचा कारभार सुरू होतो: कुठे आठ अंक, कुठे दहा. म्हणून विक्रेत्याने दिलेला आठ किंवा दहा अंकी कोड जसाच्या तसा उचलायचा नसतो. तो त्याच्या देशाच्या निर्यातीसाठी असतो. त्यातले पहिले सहा अंक फार तर सुगावा म्हणून घ्यायचे. निर्यातदाराला तुमच्या शुल्काशी देणंघेणं नसतं. कोड चुकला तर दंड त्याच्या खिशातून जात नाही.

बहुतेक लोक शोधाच्या चौकटीत शब्द टाकतात, समोर आलेल्या यादीतलं जवळचं नाव निवडतात आणि वर्गीकरण झालं असं समजतात. वर्गीकरण असं होत नाही. त्याला सहा सर्वसाधारण नियम आहेत आणि ते क्रमानेच लावायचे असतात. पहिल्याने काम भागलं तर दुसऱ्याकडे जायचंच नाही. पहिला नियम म्हणतो की विभागांची आणि प्रकरणांची नावं केवळ संदर्भाच्या सोयीसाठी आहेत. कायद्याने बंधनकारक असतो तो शीर्षकातला मजकूर, आणि विभागाच्या व प्रकरणाच्या सुरुवातीला दिलेल्या टिपा. या टिपा कोणी वाचत नाही. माझ्याकडे आलेले निम्मे वाद मात्र त्या टिपांतच मिटलेत, कारण ‘या प्रकरणात पुढील वस्तू येत नाहीत’ असं तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं.

आता तुमचा दिवा घेऊ. ९४०५ हे दिवे आणि प्रकाशसाधनांचं शीर्षक, ८५१८ मध्ये ध्वनिवर्धक येतात, आणि ८५०४ मध्ये वीज बदलून देणारी साधनं, म्हणजे चार्जर वगैरे. तुमची वस्तू या तिन्हींपैकी कशातच पूर्ण बसत नाही. प्रत्येक शीर्षक तिच्या एकेका भागाचंच वर्णन करतं. अशा वेळी तिसरा नियम लागतो. त्याचा पहिला भाग सांगतो की जास्त नेमकं वर्णन करणारं शीर्षक घ्या. पण लगेच पुढे अट आहे: शीर्षकं जर वस्तूच्या फक्त एकेका भागाबद्दल बोलत असतील तर ती सगळी सारखीच नेमकी मानायची. म्हणजे हा रस्ता तुमच्यासाठी बंद.

मग येतो दुसरा भाग, आणि या धंद्यातली खरी झटापट इथेच असते. मिश्र वस्तूचं वर्गीकरण तिला मूळ रूप देणाऱ्या घटकावरून करा, असं तो सांगतो. मूळ रूप कशावरून ओळखायचं याचं एकच एक माप नाही. घटकाचा आकार, वजन, किंमत, वापरातली भूमिका, सगळं बघतात. मी अशा वेळी अशिलांना काही साधे प्रश्न विचारतो. स्पीकर काढून टाकला तर गिऱ्हाईक ही वस्तू घेईल का? दिवा काढून टाकला तर? उत्पादन खर्चात कोणत्या घटकाचा वाटा किती? स्पीकर किती ताकदीचा? दिव्याचा उजेड कामापुरता आहे की नुसती शोभेची रंगीत पट्टी? खोक्यावर आणि जाहिरातीत ठळक काय लिहिलंय?

तुमच्या वर्णनात लांब खांब, वाकवता येणारी मान आणि उजेडाच्या पायऱ्या आहेत. स्पीकर लहान आहे आणि चार्जर सोयीपुरता. त्यावरून माझं मत ९४०५ कडे झुकतं. पण फोटो बदलला तर मतही बदलेल. जाडजूड नळकांडं, चहूबाजूंनी जाळी आणि वर अंगठीएवढा रंगीत प्रकाश असलेली वस्तू कोणी ‘दिवा’ म्हणून आणली, तर ती मी ८५१८ मध्येच टाकेन. त्यात एफएम रेडिओ निघाला तर ८५२७ हे आणखी एक शीर्षक विचारात घ्यावं लागतं. मेमरी कार्डवरून गाणी वाजत असतील तर ८५१९ सुद्धा. तुमच्या एजंटाने ८५१८ का म्हटलं असेल? कदाचित त्याने फक्त इन्व्हॉइसवरचं नाव वाचलं आणि त्यात ‘स्पीकर’ शब्द आधी होता. असं नेहमी होतं. मालाचं वर्णन विक्रीच्या भाषेत लिहू नका, घडणीच्या भाषेत लिहा.

आणि मूळ रूप ठरतच नसेल तर? तर तिसऱ्या नियमाचा शेवटचा भाग अगदी रुक्षपणे सांगतो: लागू पडू शकणाऱ्या शीर्षकांपैकी अंकांच्या क्रमाने सर्वांत शेवटी येणारं घ्या. तुमच्या तीन कोडांमध्ये शेवटचा ९४०५. म्हणजे मूळ रूप दिव्याचं मानलं तरी ९४०५, आणि काहीच ठरलं नाही तरी ९४०५. स्पीकर प्रमुख आहे असं अधिकाऱ्याने ठामपणे म्हटलं तरच गोष्ट वेगळी. पुढे उपशीर्षकात २०२२ च्या आवृत्तीपासून एक फाटा आहे: टेबल लॅम्प फक्त एलईडीसाठीच बनवलेला असेल तर ९४०५.२१, नाहीतर ९४०५.२९. दिव्यातला एलईडी कायमचा बसवलेला आहे की त्यात दुसऱ्या जातीचा बल्बही चालतो, हे विक्रेत्याकडून लेखी मागवा.

हे सगळं शब्दांचा कीस पाडल्यासारखं वाटत असेल तर अमेरिकेतला एक गाजलेला खटला सांगतो. तिथे तेव्हा बाहुल्यांवर १२ टक्के शुल्क होतं आणि इतर खेळण्यांवर ६.८ टक्के. बाहुली म्हणजे फक्त माणसाची प्रतिकृती. टॉय बिझ या कंपनीने आणलेल्या, एक्स-मेन या कॉमिक्समधल्या अतिमानवी पात्रांच्या पुतळ्या माणसं आहेत की नाहीत, यावर वर्षानुवर्षं वाद चालला. २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयाने निकाल दिला की पंजे, पंख असली अंगं असलेली ही पात्रं निव्वळ माणसं नव्हेत, सबब ती खेळणी. कथेत जी पात्रं ‘आम्हीही माणसंच आहोत’ म्हणून झगडतात, त्यांना त्यांच्याच मालकांनी कोर्टात अमानवी ठरवून घेतलं! पुढे २००७ च्या आवृत्तीत बाहुल्यांचं वेगळं शीर्षकच काढून टाकलं आणि बाहुल्या व खेळणी ९५०३ मध्ये एकत्र आणली. यातून एक व्यवहाराची गोष्ट लक्षात ठेवा: हे पुस्तक दर पाच-सहा वर्षांनी बदलतं. २०१९ चा कोड आज बरोबर असेलच असं नाही.

माझ्या स्वतःच्या अनुभवातली गोष्ट याहून साधी आहे. एका अशिलाने स्टीलच्या पाण्याच्या बाटल्या आणल्या आणि घरगुती पोलादी वस्तू म्हणून ७३२३ लावला. बाटल्या दुहेरी भिंतीच्या होत्या. अधिकाऱ्याने विचारलं, दोन भिंतींच्या मध्ये निर्वात आहे का? कारण निर्वात असेल तर ती थर्मासच्या जातीची, म्हणजे ९६१७. आणि नुसती हवा असेल तर ७३२३. बाहेरून दोन्ही हुबेहूब सारख्या दिसतात. कॅटलॉगमध्ये ‘इन्सुलेटेड’ एवढंच लिहिलेलं. कारखान्याचं पत्र येईपर्यंत माल पडून राहिला आणि जागेचं भाडं चढत गेलं. निघालं निर्वात. चूक माझीही होती. एक बाटली करवतीने कापून बघायला मला दहा मिनिटं लागली असती. तेव्हापासून नमुना हातात आल्याशिवाय मी कोडवर सही करत नाही.

काही लोक इथे विचारतात, ‘मग वस्तू वेगळ्या करून आणू का? खांब एका खोक्यात, बूड दुसऱ्यात, आणि ‘सुटे भाग’ म्हणून लावू?’ दुसरा नियम याच्यासाठीच आहे. न जोडलेली किंवा अपुरी वस्तू, पूर्ण वस्तूचं मूळ रूप धारण करत असेल तर पूर्ण वस्तूच समजली जाते. एकाच खेपेत आलेले सगळे भाग म्हणजे दिवाच. दोन वेगळ्या खेपांत आणले तर काय, हे देशादेशाच्या नियमांवर आहे. पण हेतू लपवण्याचा दिसला तर फायद्यापेक्षा त्रास मोठा.

वस्तू सीमेवर येते त्या अवस्थेत ती काय आहे, यावर वर्गीकरण ठरतं. शुल्क कमी लागेल अशी वस्तू खरोखर घडवून आणणं यात बेकायदा काही नाही. पण ते घडवणं खरं हवं. फोर्डने तुर्कस्तानात बनलेल्या ट्रान्झिट कनेक्ट गाड्या मागच्या आसनांसह अमेरिकेत उतरवल्या आणि प्रवासी वाहन म्हणून २.५ टक्के शुल्क भरलं. शुल्क भरून झालं की आसनं काढून गाडी मालवाहू करायची. मालवाहू गाडीवर २५ टक्के होते. तो दर १९६४ पासून चालत आलाय, आणि त्याचं मूळ आहे कोंबडीच्या मांसावरून युरोपशी झालेल्या भांडणात. २०१९ मध्ये अपील न्यायालयाने या गाड्या मालवाहूच ठरवल्या आणि २०२४ मध्ये कंपनीने समझोता करून ३६.५ कोटी डॉलर भरायचं मान्य केलं.

इथवर आलं ते ‘वस्तू काय’ याचं उत्तर. आता तुमच्या पस्तीस टक्क्यांचा हिशेब.

शुल्क टक्केवारीत असतं तेव्हा ते कशाच्या टक्केवारीत, हे कोणी विचारत नाही. मूल्यांकनाचे नियम जागतिक व्यापार संघटनेच्या करारात आहेत. एकापाठोपाठ एक अशा सहा पद्धती त्यात दिल्यात, आणि पहिली पद्धत म्हणजे या मालासाठी तुम्ही प्रत्यक्ष दिलेली किंवा द्यायची असलेली किंमत. बहुसंख्य माल पहिल्या पद्धतीतच निभावतो. पण त्या किमतीत भर पडते. युरोपीय संघ, भारत यांसारखे बरेच देश बंदरापर्यंतचं भाडं आणि विमा धरून मूल्य काढतात. अमेरिका ते बाहेर ठेवते. समजा वीस नगांची किंमत १०००, भाडं ८०, विमा २०. चलन कोणतंही धरा. मूल्य झालं ११००. दहा टक्के शुल्क म्हणजे ११०. त्यानंतर देशांतर्गत विक्रीकर किंवा मूल्यवर्धित कर, समजा २० टक्के, तो लागतो ११०० वर नाही तर शुल्क मिळवून झालेल्या १२१० वर. म्हणजे २४२. एकूण ३५२. पस्तीस टक्के हे असे आले असावेत. यातले २४२ हे आयात शुल्क नाही, आणि नोंदणीकृत व्यापारी असाल तर अनेक देशांत ते पुढे वजावट म्हणून परत मिळतात. ११० मात्र गेले ते गेले. विक्रीची किंमत ठरवताना या दोन रकमा एका रकान्यात घालू नका.

भर घालायच्या आणखी काही गोष्टी आहेत आणि त्यातली एक तुम्हाला लागू पडेल असं वाटतं. खांबाचा साचा तुम्ही पैसे देऊन बनवून घेतला आणि कारखान्याला फुकट वापरायला दिला, असं तुम्ही ओघात लिहिलंय. त्या साच्याची किंमत मालाच्या मूल्यात वाटून धरावी लागते, इन्व्हॉइसवर ती नसली तरी. खोक्याचं चित्र किंवा दिव्याचं डिझाइन आयात करणाऱ्या देशाबाहेर करवून कारखान्याला फुकट दिलं असेल तर तेही. देशातच केलेलं असेल तर नाही. विक्रीची अट म्हणून द्यावी लागणारी रॉयल्टी मिळवायची, पण तुमच्या वतीने खरेदी करणाऱ्या दलालाचं कमिशन नाही. साच्याची गोष्ट लपवणारे सहसा लपवत नसतात, त्यांच्या ती ध्यानातच येत नाही. तपासणीत मात्र हिशेबाच्या वह्या उघडल्या की पहिली तीच दिसते.

विक्रेता म्हणाला, ‘इन्व्हॉइसवर कमी किंमत टाकून देतो.’ नको म्हणा. तुमच्या बँकेतून गेलेली रक्कम आणि कागदावरची रक्कम जुळली नाही की प्रकरण शुल्काचं राहत नाही, खोट्या जाहीरनाम्याचं होतं. आणि जाहीरनामा तुमच्या नावाचा असतो. तसंच ‘नमुना, मूल्य शून्य’ हेही चालत नाही. फुकट मिळालेल्या वस्तूलाही सीमेवर मूल्य असतं, फक्त ते वेगळ्या पद्धतीने काढतात.

उगमाबद्दल थोडक्यात. माल कुठून जहाजात चढला यावर उगम ठरत नाही, तो कुठे घडला यावर ठरतो. एका देशात बनून दुसऱ्या बंदरातून आला तर उगम पहिल्याचाच. दोन-तीन देशांत मिळून बनला असेल तर शेवटचा खरा कायापालट कुठे झाला ते बघतात. नुसतं खोक्यात भरणं किंवा लेबल लावणं म्हणजे कायापालट नव्हे. व्यापार करार असेल तर सवलतीचा दर मिळतो, पण त्यासाठी त्या कराराच्या नियमांत बसणारा उगमाचा दाखला हवा. नसेल तर सामान्य दर, ज्याला ‘सर्वाधिक अनुकूल राष्ट्र’ असं भारदस्त नाव आहे. नाव ऐकून तो सवलतीचा वाटतो; असतो तो नेहमीचाच. आणि याच्या वर काही मालांवर काही देशांसाठी अँटी-डंपिंग शुल्क, म्हणजे फार स्वस्तात लोटलेला परदेशी माल रोखण्यासाठीचं जादा शुल्क असतं, कधी मूळ दराच्या कितीतरी पट. ते एचएस कोडच्या दरपत्रकात बऱ्याचदा दिसतच नाही. तुमच्या देशाच्या अधिसूचना वेगळ्या शोधा.

सगळं शुल्क टक्केवारीतच असतं असंही नाही. काही माल किलोवर, लिटरवर किंवा नगावर आकारला जातो, काहींवर दोन्ही मिळून. स्वित्झर्लंडमध्ये तर औद्योगिक मालावर शुल्क वजनावर असायचं. १ जानेवारी २०२४ पासून त्यांनी ते रद्दच केलं. दिव्यासाठी तुम्हाला याची गरज पडू नये, पण दरपत्रकात टक्क्याऐवजी वजनाचं एकक दिसलं तर खोक्यासकट वजन धरतात की वगळून, हे आधी विचारा.

मग आता करायचं काय? पाचशे नग मागवण्याआधी तुमच्या सीमाशुल्क खात्याकडे आगाऊ निर्णयासाठी अर्ज करा. बहुतेक देशांत ही सोय आहे, आणि मिळालेला निर्णय खात्यावर ठराविक मुदतीपर्यंत बंधनकारक असतो. अर्जाला नमुना, सर्किटची माहिती, घटकनिहाय खर्चाचा तक्ता आणि वर सांगितलेला तिसऱ्या नियमाचा युक्तिवाद जोडा. वेळ लागतो, आठवडे लागू शकतात. वस्तू एकदाच आणायची असती तर मी हा खटाटोप सुचवला नसता. दरमहा आणणार असाल तर करा. आणि अर्जात स्पीकर दडवू नका. न सांगितलेल्या गोष्टीवर मिळालेला निर्णय त्या गोष्टीपुरता निरुपयोगी असतो.

राहिले आधीचे वीस नग. ते ९४०५ खाली सुटलेत आणि साच्याची किंमत त्यात धरलेली नव्हती, असं दिसतंय. रक्कम किरकोळ आहे. तरीही खात्याने विचारण्याआधी स्वतःहून दुरुस्ती कळवा. आपणहून कळवलेल्या चुकीला बहुतेक ठिकाणी दंड कमी असतो किंवा नसतोच. साचा एकूण किती नगांसाठी वापरणार आहात ते मला कळवा, म्हणजे त्या वीस नगांच्या वाट्याला साच्याची किती किंमत येते हे मांडून दाखवता येईल.